खळ्याबाहेरची डावी चप्पल

भूत, करणी, नजर, अंगात येणं... असल्या भानगडीवर मी उभ्या आयुष्यात कधी थुंकलोसुद्धा न्हाई. थुंकायला तरी समोर काहीतरी असावं लागतं. मंचरच्या सलूनात तुमचा अंक पडलेला असतो. नंबर येस्तवर मी अक्षर लावून लावून वाचतो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसती, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोणतरी बसतं. मी न्हाव्याला म्हणायचो, "अरे, ह्या लोकांना कामधंदा हाय का न्हाई?" आता मीच लिहायला बसलोय. न्हावी वाचून हसंल. हसू दे त्याला.

माझी शाळा चौथीपर्यंत. चुकलं तर सुधारून छापा, पण गोड करू नका. गोष्ट गोड न्हाई. घाण हाय. चप्पलीची हाय.

गाव माझं तळेघरच्या वरच्या अंगाला, रस्ता सोडून आत चालत जायचं. भात आणि नाचणी, दुसरं काय पिकत न्हाई. बायको हौसा. सख्ख्या मामाची पोर. हे ध्यानात ठेवा, पुढं डॉक्टरनं इचारलंय. पहिली दोन बाळं राहिली न्हाईत, मग मंगल झाली ती जगली. एवढी एकच. तिला दिली महाळुंगे पडवळला, कांदा-बटाट्यावाल्या घरात. पाण्याखालची जमीन, पक्कं घर, म्हटलं पोर सुखात राहील.

गेल्या सालच्या भात कापणीत हौसाला ताप आला. डोळे पिवळे दिसाय लागले, आणि नडग्यांवर टाचणीनं टोचल्यागत जांभळे ठिपके उमटले. शेजारच्या बाया बघून गेल्या. म्हणाल्या, देवी उमटली, देवीचं काहीतरी राहिलंय तुमच्याकडून. हौसा म्हणाली, "देवीला दुसरं काम न्हाई व्हय माझ्या नडग्या रंगवायला?" अशी व्हती ती. म्हटलं, उद्या मंचरला दवाखान्यात जाऊ. म्हणाली, खळं उरकू द्या, मग जाऊ.

तर खळं. तुमच्यात कसं असतंय माहीत न्हाई, आमच्यात खळ्यात चप्पल घालून कुणी पाय टाकत न्हाई. कितीबी मोठा पावणा असू दे, चप्पल बाहेर. धान्याचा मान असतो. माझी चप्पल पण बाहेर काढलेली. टायरचा तळ, वर चामडं, आणि डाव्या चप्पलीचा अंगठा तुटलेला, तो हौसानंच दाभणानं शिवून दिलेला, कांद्याच्या गोणीच्या निळ्या सुतळीनं. मी म्हटलं व्हतं काळा दोरा घे. म्हणाली, "पायात घालायचीय का लग्नात मिरवायचीय?"

सकाळचं ऊन. हौसा सूप घेऊन उभी व्हती, वारं बघत. सूप खाली पडलं आणि ती भाताच्या राशीवरच आडवी झाली. हातपाय ताठ, मग झटके, डोळे पांढरे. मी धरली. एक झटका थांबला, ती शुद्धीवर यायच्या आत दुसरा. तो थांबला न्हाई तर तिसरा. नंतर तर मधी थांबायचंच बंद झालं.

आणि मग माणसं जमली. साहेब, मला माणसांची किळस तवापासून बसली ती बसली.

भगत आला. पलीकडच्या वाडीतला, तोंडात तंबाखू. हौसाच्या तोंडाला फेस, जीभ दातात सापडून रक्त चाललंय, आणि हा इचारतोय, "नाव सांग! कोण हायस? कुठली हायस?" नाव काय इचारतो रे, शाळेत घालायची का तिला? तिचे ठिपके बघून बायांनी हळद-कुंकू आणलं, झटक्यानं उडणाऱ्या पायांवर वाहिलं, पाया पडल्या. एकीनं इचारलं, "आई, आमच्या पोराला नोकरी लागंल का?" एकजण मोबाईलमधी शूटिंग घेत व्हता, त्याला बाजूला हो म्हटलं तर म्हणतो, "काका, लांबूनच घेतोय."

मी म्हणालो गाडी बोलवा. भगत म्हणाला, गाडीत घातली तर अंगातलं वारं बिथरंल, आधी उतरवू. "चप्पल आणा. डावी आणा. जेवढी घाण तेवढी चांगली."

जवळ माझीच व्हती, खळ्याच्या कडंला. सकाळीच गोठा काढून आलेलो. ती कुणीतरी उचलून आणली आणि भगतानं हौसाच्या नाकावर दाबली.

मी धावलो, तर मला धरून ठेवला. माझेच भाऊबंद. "मधी पडू नका, उतरंल आता, उतरंल." जी चप्पल भाताच्या राशीपाशी नेत न्हाई आमी, ती माझ्या बायकोच्या नाकावर. तिनं माझ्या पायाला टोचू नये म्हणून शिवलेली. तिचं नाक दाबलं गेलेलं, श्वास घरघरतोय, आणि शेण...

जाऊ दे. गाडी मिळाली तवा ऊन डोक्यावर आलं व्हतं. मंचरला दवाखान्यात इंजेक्शनं दिली, जरा कमी झालं, परत सुरू. पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. तिथं मानेत नळी घातली, मशीन लावली. दवाखान्यातल्या लोकांनी धडपड केली, त्यांना मी बोल लावणार न्हाई. पण शुद्धीवर आली न्हाई ती. गेली.

रिपोर्ट मागून आला. डॉक्टरनं मला बोलावून घेतलं. तरणा पोरगा, पण नीट समजावून सांगितलं. म्हणाला, "बाबा, आपल्या रक्तात एक कात्री असते असं समजा. रक्त गोठवणारे धागे लांब झाले की ती कापत राहते. तुमच्या बायकोच्या रक्तात ती कात्री जन्मापासूनच जवळजवळ नव्हती. ताप आला, बाळंतपण आलं, की जास्त लागते आणि ती तर नाही. मग बारीक गुठळ्या होतात. मेंदूच्या केसासारख्या नसा तुंबल्या की फिट थांबत नाही. नुसत्या फिटच्या औषधानं भागत नाही. दुसऱ्या माणसाच्या रक्तातलं पिवळं पाणी द्यावं लागतं, प्लाझ्मा म्हणतात त्याला. त्यात ती कात्री असते. पण ते वेळेत द्यावं लागतं."

मग इचारलं, "लग्न नात्यात का?"

मी म्हटलं, "मामाची पोर."

त्यानं ते कागदावर टिपलं. "मुलगी आहे ना तुम्हाला? तिचं रक्त तपासून घ्या. लवकर."

म्हंजे ठिपके देवीचे नव्हते. पिवळे डोळे, ठिपके, झटके, सगळं एकाच रोगाचं. आमच्या वाडीनं त्या रोगाला हळद-कुंकू वाहिलं.

हौसाचा दहावा करून आलो आणि ती डावी चप्पल न्हाणीच्या चुलीत घातली. टायर जळायचा वास सगळ्या वाडीत गेला. लोक म्हणाले, काय जाळतोस? म्हटलं, तुमची अक्कल. पूर्ण जळस्तवर काठीनं ढोसत बसलो, निळी सुतळी वितळून थेंब थेंब पडली ते डोळ्यानं बघितलं. उजवी ओढ्यात फेकली. तवापासून पायात काय घातलं न्हाई. नवस न्हाई, तसलं काय समजू नका. चप्पल बघितली की किळस येती, एवढंच. जिच्या हातचं आयुष्यभर खाल्लं तिच्या नाकात शेवटचा वास माझ्या चप्पलीचा गेला. हे गिळत न्हाई हो.

तसाच महाळुंगे पडवळला गेलो. विहीणबाईला सांगितलं, मंगलचं रक्त तपासा. ती पदर खोचून उभी राहिली. "पावणं, तुमच्या घरातलं तुमच्या घरात ठेवा. पोर धडधाकट म्हणून दिली का रोगी दिली, ते आधी सांगा."

जावई मऊ. "मामा, जाऊ की. कांदा निघू द्या फक्त."

मंगल पण तेच. "आबा, कांदा निघाला की जाते. आधीच माणूस मिळंना." आईवर गेलेली. आईचं खळं, हिचा कांदा.

आता जे सांगायचं ते.

चैत्र व्हता, मंगलचं रक्त अजून तपासलं नव्हतं. मी सकाळचं जेवायला बसलो, भाकरी आणि कालवण, एकट्याचं. पहिला घास तोंडाशी नेला आणि वास आला. शेण, घामट चामडं, टायर. तोच. घास खाली ठेवला. म्हटलं उंदीर मेला असंल. चूल, माळा, कणगी, सगळं हुडकलं. बाहेर आलो तर बाहेर पण तोच वास. तोंड धुतलं, चिमूटभर तपकीर ओढली. तपकिरीत पण तोच! उलटी झाली मला अंगणात. आणि उलटी करून मान वर केली तवा डोक्यात एकच गोष्ट आली... मंगल. कसं आलं सांगता येत न्हाई. फोन आला नव्हता कुणाचा. मी पण केला न्हाई, सुचलंच न्हाई. ताट तसंच टाकून तळेघरला चालत सुटलो.

एसटीत शेजारी एक बाई बसलेली. तिनं नाकाला पदर लावला आणि सरकून बसली. कंडक्टर आला. "बाबा, काय तुडवून आलाव राव? गाडी धुवावी लागंल आमाला."

मी दोन्ही पाय वर करून दाखवले. "बघ. पायात चप्पलच न्हाई तर तुडवू काय?"

तो वाकून बघून म्हणाला, "पाय तर कोरडं हाईत... मग कशाचा वास येतोय?" आणि मागच्या खिडक्या उघडायला गेला. हे मुद्दाम लिहितोय. वास मला एकट्याला येत नव्हता. आणि मी अनवाणी व्हतो, हे कंडक्टरनं बघितलं.

मंचरला उतरलो, तिथून जीपनं महाळुंगे पडवळ. फाट्यावरून घरापर्यंत डांबर असं तापलेलं की तळव्याला चटके बसत व्हते, गवताच्या कडंकडंनं उड्या मारत गेलो. अंगणाच्या तोंडाशी आलो आणि वास बंद झाला. नळ बंद करावा तसा.

अंगणात कांद्याची रास. काढणीच्या बाया गोल करून उभ्या. मधी मंगल. राशीवर पडलेली, तशीच ताठ, तसेच झटके. तोंडावर कुणीतरी कांदा फोडून चोळलेला. मी गर्दीत घुसलो तवा धक्काबुक्की झाली, मी खाली गुडघ्यावर पडलो. कोणतरी ओरडलं, "चप्पल लावा, चप्पल!" आणि विहीणबाईनं एक चप्पल मंगलच्या नाकाला लावली.

टायरचा तळ. अंगठ्याला निळी सुतळी.

साहेब, मी हाताच्या अंतरावर व्हतो. भर दुपारचं ऊन व्हतं. हौसाचे टाके मी ओळखतो, ती शेवटचा टाका उलटा घालायची. तोच व्हता.

मी ती हिसकावली आणि लांब फेकली. काय बोललो ते छापण्यासारखं न्हाई. मंगलचं लुगडं जरा वर सरकवून नडग्या बघितल्या. ठिपके. जांभळे. "गाडी आणा, न्हाईतर एकेकाला राशीत गाडीन!" विहीणबाई म्हणाली, "पावणं, जरा दम धरा, उतरतंय—" मी म्हणालो, "हिची आई उतरली अशीच. सरळ खड्ड्यात."

कांदा भरायला मंचरच्या मारवाडी शेठचा पिकअप दारात उभा व्हता, शेठ स्वतः आलेला. त्यानं ड्रायव्हरला हाक मारली, "गोणी खाली टाक रे. आधी पोरगी, मग कांदा. बघतो काय बाबा, टाक!" जावयानं उचलली तिला. मी मागं बसलो, डोकं मांडीवर घेऊन. रस्ताभर आमी मोकळ्या गोण्यांवर आदळत गेलो.

मंचरला डॉक्टरीणबाईनं शिरेत इंजेक्शन दिलं, झटके ढिले पडले. घरात अजून कुणाला असं झालंय का इचारलं. मी हौसाचं सांगितलं... कात्री, पिवळं पाणी, मामाची पोर, जेवढं लक्षात व्हतं तेवढं. बाईंनी लगेच पुण्याला फोन लावला, तिकडं तयारी करायला सांगितली. मग मंगलच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि एकदम आवाज चढवला.

"हे काय? डागणी दिलीत का हिला?"

नाकाच्या खाली, वरच्या ओठावर, भाजल्याचा पट्टा व्हता. लाल, त्यावर ताजा फोड.

"न्हाई हो बाई," जावई म्हणाला, "आईची आण. कांदा लावला आणि चप्पल लावली फक्त."

"चपलेनं फोड येतो का? चुलीतलं काहीतरी लावल्यासारखं भाजलंय हे. खरं बोला, पोलीस केस करीन."

जावई रडायला आला. मी काय सांगणार व्हतो? की मी ती जाळली व्हती?

पुण्याला पिशव्या तयार व्हत्या. गोठवलेलं असतं ते, गरम पाण्यात धरून पातळ करतात. रंग गोमूत्रासारखा. पण थेंब थेंब मंगलच्या हातात उतरत गेलं तसं मी टक लावून बघत बसलो. झटके थांबले. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले, बाप ओळखला. आठवड्यानं ठिपके फिके पडले.

ती बोलायला लागल्यावर इचारलं, काय आठवतंय का? म्हणाली, "काय न्हाई आबा. फक्त आईनं चुलीम्होरं बसवलं व्हतं, लई जवळ. तोंडाला धग लागत व्हती. मी सरक म्हणत व्हते तर सरकंना."

मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

पण अजून घाण संपली न्हाई. मंगलला घरी सोडायला गेलो तर घरात अगरबत्तीचा धूर. देव्हाऱ्यात, देवांच्या शेजारी, लाल फडक्यात गुंडाळून काय ठेवलेलं? ती चप्पल! हार घालून. गावातल्या बाया दर्शनाला येत व्हत्या. कुणाला फिट येती, कुणाचा नवरा पितो. विहीणबाई सगळ्यांना सांगत व्हती, ह्या चप्पलीनं सून वाचली.

मी म्हटलं, "विहीणबाई, सून प्लाझ्म्यानं वाचली. पुण्याच्या डॉक्टरनं वाचवली. आणि ही चप्पल तुमी आणली कुठनं, ते आधी सांगा."

ती माझ्याकडं अशी बघत राहिली जसा मीच खुळा हाय. "कुठनं म्हंजे? तुमच्या पायातली काढली की पावणं. तुमी पडलाव तवा. तुमीच तर आलाव एका पायात घालून. मी म्हटलं, बाप घाईत आला, एक चप्पल वाटंतच राहिली."

जावयाकडं बघितलं. तो म्हणाला, "व्हय मामा. डाव्या पायात व्हती. मला वाटलं तुमाला कोणी फोन केला, म्हणून तसेच पळत आलाव." शेठला मंचरला गाठून इचारलं. तो पण तेच म्हणाला. एक पाय अनवाणी, एका पायात चप्पल.

माझे तळवे भाजलेले व्हते, साहेब. दोन्ही. पुण्याला नर्सनं मलम लावलं. नंतर बघितलं तर उजव्याला डांबराचे फोड, आणि डाव्या तळव्याला पण फोडच, पण सगळ्या तळव्याभर सारखे, चप्पलीच्या आकाराचे. आता कुणी मला समजावून सांगा.

त्या दिवशी देव्हाऱ्यापाशी विहीणबाई आडवी आली. "पावणं, हात लावू नका, लोकांची श्रद्धा हाय." मी फडकं सोडलं. हार काढून देवाच्या पायाशी ठेवला, त्या बिचाऱ्याचा काय दोष? चप्पल कडंनं करपलेली, राख लागलेली. सुतळी निळीच. परत जाळावी म्हटलं. पण एकदा जाळून बघितलीच की. माझ्या बायकोच्या नाकाला लावली, पोरीच्या नाकाला लावली, आता देवाच्या मांडीला लावली. आमच्या लोकांना चप्पल कुठंबी ठेवा म्हटलं तर ठेवतील, फक्त पाय सोडून.

मी ती खाली टाकली आणि डावा पाय आत सरकवला. बाया "अगं बाई!" करून मागं सरल्या. तसाच, एका पायात घालून, फाट्यापर्यंत चालत गेलो. मागून पोरं हसत व्हती.

मंगलला आता ठरल्या दिवशी पुण्याला न्यावं लागतं, पिवळी पिशवी लावायला. कायमचंच. कांदा असो, न्हाईतर कुणाचं लग्न असो. विहीणबाई कुरकुरती, पण अडवत न्हाई. मी सोबत जातो. मंचरच्या चांभाराकडून उजवी बनवून घेतली जोडीला. डावी हातात घेऊन तो म्हणाला, "बाबा, ही आगीतनं काढली का? फेका की, नवी जोडी करतो." म्हटलं, उजवीच कर.

डॉक्टरकडं रोगाचं उत्तर हाय, ह्याचं न्हाई. इचारलं तर हसून म्हणाला, बाबा, घाईत माणसाला कळत नाही पायात काय आहे. असंल. पण कंडक्टरला पण कळत न्हाई?

किळस अजून येती. रोज सकाळी पाय घालताना तोंड दुसरीकडं करतो. पण काढत न्हाई. उजवी नवी, ती डांबर तापलं की तापती आणि गार पडलं की गार पडती. डावी तशी न्हाई. सावलीत, थंडीत, दवाखान्याच्या गार फरशीवर पण... डावा पाय ऊन राहतो.